मलायाला निघालेले डॉक्टर

आमच्या दवाखान्यात पेशंट तपासायचं टेबल जमिनीवर नव्हतं. छताच्या सागवानी वाशांना चार दोर बांधून ते टांगलेलं होतं. डॉक्टर पेशंटला त्यावर निजवायचे, गुडघ्यानं टेबलाला हलका धक्का द्यायचे आणि ते हलत असतानाच नाडी बघायचे, पोट दाबायचे, सुई टोचायचे. जहाज असंच हलतं, असं त्यांचं म्हणणं होतं. जहाज त्यांनी तोवर पाहिलेलं नव्हतं.

नागपूरहून डॉक्टरकीची परीक्षा देऊन मी गोंदियाला त्यांच्या हाताखाली आलो, त्या पहिल्याच सकाळी एक म्हातारी त्या टेबलावर दोन्ही हातांनी दोर आवळून बसली होती आणि ओरडत होती, "आधी झुला थांबवा जी, मंग नाडी पाहा! मले खोकला आहे. मी जत्रेत नाही आली!"

"माय, समुद्रात वादळ आलं तर खोकला थांबते का?"

"मी सडक अर्जुनीहून आली जी. समुद्र मधात कुठं लागला?"

डॉक्टरांनी तिला खोकल्याचं औषध दिलं, पण टेबल थांबवलं नाही. मी दारात उभा राहून विचार करत होतो, की संध्याकाळच्या गाडीनं परत जावं की नाही.

गावात त्यांना जहाजवाले डागदर म्हणत. गोंदियात निम्मा कारभार हिंदीतून चालायचा, त्यामुळे हे नाव रेल्वे कॉलनीपासून तांदळाच्या गिरण्यांपर्यंत सगळीकडे पोचलं होतं. विड्या वळणाऱ्या बाया मुलांना घेऊन यायच्या, त्यातली निम्मी मुलं आजारी नसायची, त्यांना झुल्यावर बसायचं असायचं. डॉक्टर त्यांना ओळखायचे. "याले काही झालं नाही," म्हणायचे आणि तरीही त्याला दोन झोके द्यायचे.

अंगानं ते बारीक होते, कान मोठे, आणि चालताना पाय फाकवून चालायचे. खलाशी तसे चालतात असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. कोरड्या रस्त्यावर, भर उन्हात, हातात औषधांची पेटी घेऊन ते बाजारातून असे चालत निघाले की विड्यांच्या कारखान्यातली माणसं बाहेर येऊन बघत. मला त्यांच्या मागून चालायची लाज वाटायची. मी चार पावलं मागे राहायचो. हे आठवलं की अजूनही मला माझा राग येतो, कारण त्या चार पावलांचा अर्थ त्यांना नक्की कळत होता.

समुद्रापार जायच्या त्यांच्या वेडाची हकीकत मला काकूंनी सांगितली. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. तांदूळ निवडता निवडता, वर न बघता बोलायची त्यांची सवय होती.

"लग्न होऊन आली तवापासून पाहून राहिली मी. हे जाऊनच राहिले."

पहिल्या महायुद्धात इराककडे डॉक्टर हवे होते, तेव्हा यांनी नाव दिलं होतं. निघायच्या दिवशी सासूबाई उंबऱ्यावर आडव्या पडल्या. समुद्र ओलांडायचा असेल तर आधी मला ओलांड, म्हणाल्या.

"मग?"

"मंग काय? ओलांडून बी गेले असते. तसे कठीण आहेत ते. पन सासूबाईच्या मांगं एक मानूस भाजलेलं पोर घेऊन उभा होता. सासूबाई उठल्या, बाजूले झाल्या. पोराच्या बापाले ओलांडता आलं नाही यायले."

दुसऱ्या वेळी चीनमध्ये लढाई चालली होती. तिकडं जायचं ठरलं, ट्रंक भरली, आणि तिरोड्याकडच्या गावांत पटकी आली. ट्रंक पुन्हा रिकामी झाली.

"दर वेळी कोनीतरी आजारी पडते अना यायचं जानं राह्यते," काकू म्हणाल्या. "आता आजारी पडनारे काय जगातून संपनार आहेत? मी सामान बांधून सोडून कंटाळली."

मी आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी दुसरं महायुद्ध संपलं आणि मलायातल्या बातम्या यायला लागल्या. तिथल्या रबराच्या मळ्यांत आपल्याकडचे मजूर होते. जपान्यांनी त्यांना जंगलात रूळ टाकायला नेलं होतं. जे परत आले होते त्यांच्या पायांना जखमा होत्या, पोटात अन्न नव्हतं. इकडून डॉक्टरांची तुकडी पाठवायची असं ठरत होतं. पगार नाही, जेवण आणि प्रवास मिळेल. डॉक्टरांनी वर्तमानपत्र घडी करून खिशात ठेवलं आणि त्या दिवसापासून त्यांना एका जागी बसवेना.

सगळ्यात आधी त्यांनी भाषा धरली. मळ्यांतले बहुतेक मजूर तमिळ बोलणारे. रेल्वे कॉलनीत एक मद्रासी गार्ड राहायचा. त्याच्या आईच्या गुडघ्यांना मालिश करायच्या बदल्यात तो डॉक्टरांना रोज थोडी तमिळ शिकवायचा. डॉक्टर ती लगेच आमच्या पेशंटांवर वापरून बघायचे. टेबलावर निजलेल्या माणसाच्या कानाशी वाकून विचारायचे, "एंगे वलिक्कुदु?" म्हणजे कुठं दुखतं. गावाकडच्या माणसांना तो मंत्र वाटायचा. एक शेतकरी हात जोडून म्हणाला, "पुन्हा एकदा म्हना जी. थोडं हलकं वाटून राहिलं."

मग झुला पुरेना. झुला फक्त मागे-पुढे जातो, समुद्र सगळीकडून हलतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्या बहिणीची धानाची शेती चोरखमाऱ्याच्या तलावाच्या कालव्यावर होती. एका रविवारी आम्ही तिथं गेलो आणि एका ढिवर कोळ्याचा डोंगा घेऊन तलावाच्या मधोमध आलो. डोंगा म्हणजे लाकडाचं पोकळ खोड, त्यात दोन माणसं गुडघे जवळ घेऊन बसली की तिसऱ्याला वल्हं मारायला जेमतेम जागा. डॉक्टरांनी सुईत उकळून गार केलेलं पाणी भरलं.

"बाही वर कर," ते मला म्हणाले.

"मी?"

"नाही तर काय तलावाले टोचू?" मग ते ढिवराकडं वळले. "हलव रे."

ढिवर म्हातारा होता, पण त्याला हे काम फारच आवडलं. त्यानं डोंगा असा हलवला की माझ्या तोंडून आईचं नाव निघालं. सुई एकदा दंडाला चाटून गेली, एकदा सदऱ्यात अडकली, तिसऱ्यांदा लागली. मी अंग चोरत होतो.

"मासोळी बी इतकी तडफडत नाही साहेब," ढिवर म्हणाला.

"मासोळीले डॉक्टर व्हायचं नसते," डॉक्टर म्हणाले. "आता तू मले टोच."

मी सुई हातात घेतली. मी डोंगा थांबवायला सांगितला. ढिवरानं थांबवला, मग मी टोचलं आणि डॉक्टरांनी बाही खाली ओढली. परतताना ते पाण्याकडं बघत बसले. मला कळलं, की ही परीक्षा त्यांची एकट्याची नव्हती.

इथं मला माझ्याबद्दल सांगायला हवं. मी पुस्तकात हुशार होतो. रोग ओळखायचो, औषधांची मात्रा तोंडपाठ होती. पण रक्त वाहायला लागलं आणि खोलीतली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली, की माझी बोटं माझी राहायची नाहीत. मी डॉक्टरांकडं बघायचो. ते पुढं यायचे, माझ्या हातातून चिमटा घ्यायचे, आणि मी मागे सरकायचो. दोन वर्षं असंच चाललं होतं. ते मलायाला गेले तर मागे सरकायला जागा उरणार नव्हती. म्हणून मी मनापासून इच्छा करत होतो, की त्यांचं जाणं याही वेळी राहावं. दिवसभर त्यांच्या तयारीला हातभार लावायचा आणि मनात ही इच्छा धरायची, असे माझे ते महिने गेले. मला जेवण गोड लागायचं नाही.

कोंड्याचा नाद त्यांना त्याच सुमारास लागला. मजुरांचे पाय सुजतात, लुळे पडतात, हे वाचून ते म्हणाले, हा पांढऱ्या तांदळाचा रोग आहे. आमच्याकडं खेड्यातली माणसं धान उकडून, वाळवून, मग कांडतात. त्या उकड्या, आमच्याकडच्या भाषेत उसन्या, तांदळाला सत्त्व राहतं. गिरणीतून घासून निघालेला पांढराशुभ्र तांदूळ नुसता खाल्ला की पाय जातात, आणि गेलेलं सत्त्व सगळं कोंड्यात असतं. मी म्हणालो, "आता याच्यावर सुया निघाल्या आहेत."

"निघाल्या असतील. इतक्या मजुरांले पुरतील एवढ्या देते का तुले कोणी?"

ते गिरणीवर गेले. गिरणीचा सेठ कच्छी, गादीवर बसून पान लावत होता. "डागदरसाब, सब लोग विलायत से दवाई लाते हैं. आप यहाँ से भैंस का खाना ले के जाओगे?"

"भैंस को कभी लंगड़ाते देखा है, सेठ?" डॉक्टर म्हणाले, आणि सेठनं हसत हसत कोंड्याची पोती भरून दिली.

आम्ही तो कोंडा रॉकेलच्या धुतलेल्या डब्यांत दाबून भरला आणि कल्हईवाल्याकडून झाकणांना डाग देऊन घेतला. थोड्या दिवसांनी एक डबा उघडला, तर असा खवट वास सुटला की काकू पदर नाकाला लावून अंगणात गेल्या. शेजारच्या म्हशीपुढं घमेल्यात ठेवला, तिनं तोंड फिरवलं. ताज्या कोंड्याला तेल सुटतं आणि ते कोंडलं की नासतं, हे गिरण्यांच्या गावात आयुष्य काढलेल्या डॉक्टरांनाही सुचलं नव्हतं. मला आतून बरं वाटलं. आता तरी हे थांबेल. पण डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी नवा कोंडा आणला, तो कढईत मंद भाजला, गूळ घालून लाडू वळले, आणि रोज एक स्वतः, एक मी, असं सुरू केलं. घशात बसायचा तो लाडू. मी पाण्यावर पाणी प्यायचो.

तुकडी पाठवणाऱ्या समितीचे एक गृहस्थ नागपूरहून बघायला आले. खादीचे कपडे, चष्मा, स्वच्छ बोलणं. दवाखान्यात दुसरी बसायची जागा नसल्यामुळे त्यांना टेबलावर बसवलं, आणि ते बसताच टेबल हललं. पाय जमिनीला टेकवायचा प्रयत्न करत ते म्हणाले, "आपलं वय काय असेल?"

"तब्येत पाहा ना जी. वय काऊन पाहून राहिले?"

"तसं नाही, प्रवास लांबचा आहे..."

"लाडू खा."

"कसला आहे?"

"कोंड्याचा. मजुरांले द्यायचा तर आधी समितीले पचला पाहिजे."

गृहस्थांनी सभ्यपणे अर्धा लाडू खाल्ला. मग ते मुद्द्यावर आले. अनुभव असलेला माणूस त्यांना हवाच होता, वयाकडं ते काणाडोळा करायला तयार होते. पण एक अट होती. इथल्या लोकांना उघड्यावर टाकून कोणाला न्यायचं नाही, असं समितीनं ठरवलं होतं. मागे दवाखाना चालवणारा माणूस असला तरच.

ते माझ्याकडं वळले. "तुम्ही सांभाळाल ना?"

डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत होते. इतकी हालचाल करणारा तो माणूस त्या क्षणी अगदी स्थिर उभा होता. नाही म्हणायला मला एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द खोटा नसता. काकू आतल्या दाराशी आल्या होत्या. टेबलाच्या दोरांचा करकर आवाज येत होता.

"हो," मी म्हणालो.

लाजेपोटी म्हणालो. ते तिघं तिथं नसते तर म्हणालो नसतो.

डॉक्टर वळले. त्यांना आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं, पण ते माझ्याकडं बराच वेळ नुसते बघत राहिले. माझ्या त्या 'हो'ची किंमत त्यांनी तिथल्या तिथं केली असावी, कारण दुसऱ्या दिवसापासून नवं खूळ सुरू झालं. सकाळी दवाखाना उघडला की ते रस्त्यापलीकडच्या चहाच्या दुकानात जाऊन बाकावर बसायचे.

"मी जहाजात बसलो," ते जाताना सांगायचे. "आता मले हाक मारायची नाही."

काही अडलं की मी रस्ता ओलांडून जायचो. ते वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरायचे.

"डॉक्टरसाहेब, त्या बाईचा ताप..."

"मी मलायात आहे."

"फक्त एवढंच सांगा, की..."

"मलायातून ऐकू येत नाही, बाबू."

चहावाला हसायचा. "जाओ डागदर बाबू, साहब पानी में हैं." मी परत यायचो आणि ताप असेल, खरूज असेल, कान फुटलेला असेल, ते मी बघायचो. अशी कामं जमत होती. पेशंटांनाही मजा वाटायला लागली होती. ते आल्या आल्या विचारायचे, "मोठे डाक्टर आज कोनत्या गावी?"

मोहफुलं गळायच्या दिवसांत दरेकशाच्या जंगलातून एका माणसाला आणलं. पहाटे तो फुलं वेचायला गेला होता आणि त्याच झाडाखाली अस्वल आलं होतं. पहिल्या गाडीनं त्याच्या भावानं त्याला गोंदियाला आणलं आणि स्टेशनवरून बाजेवर घालून दवाखान्यात. डोक्याची कातडी सुटून कपाळावर लोंबत होती. भाऊ अर्धी गोंडी, अर्धी हिंदी बोलत होता. "भालू ने मारा साहब. भालू ने." एवढंच पुन्हा पुन्हा.

मी दारात येऊन रस्त्यापलीकडं बघितलं. वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर होतं.

मी आत आलो. टेबल भिंतीला बांधून स्थिर केलं. जखम धुतली, कातडी जागेवर बसवली, दोरा ओवला. पहिले टाके पडले. मग कानामागून रक्ताची एक बारीक धार उडाली आणि माझ्या चष्म्यावर आली, आणि माझी बोटं थांबली. ती धार कशी थांबवायची हे मला माहीत होतं. मी परीक्षेत त्यावर चांगलं उत्तर लिहिलं होतं. भाऊ माझ्याकडं बघत होता. मी उभा होतो.

कोणीतरी माझ्या हातातून चिमटा घेतला. डॉक्टरांच्या पायात चपला नव्हत्या. रस्ता ओलांडताना कुठंतरी राहिल्या होत्या. त्यांनी धार दाबली, बांधली, उरलेले टाके घातले, आणि माणूस वाचला. मला इतकं हलकं वाटलं की हात धुताना मी हसलो. हे जाणार नाहीत. यांना जमणारच नाही.

दुपारी ते झुल्यावर बसून होते. मी माफी मागायला गेलो.

"तू कायले माफी मागतोस?" ते म्हणाले. "आणखी थोडं थांबलो असतो तर तुझी बोटं हलली असती. मी थांबलो नाही. दोन वर्षं झाले, तुझी बोटं हलायच्या आधी मीच येऊन राहिलो." मग त्यांनी पायानं झुला थांबवला. "नापास मी झालो. मेला असता तर काय, हे माझ्या मनात आलं. तिकडं मलायात कोणी मरून राहिले असतील, ते दिसत नाहीत म्हणून मनात येत नाहीत."

त्यानंतर त्यांनी मलायाचं नाव घेणं सोडलं. पाय फाकवून चालणंही कमी झालं. तमिळ बंद. मी काकूंकडं गेलो आणि सगळं सांगून टाकलं, की मला जमणार नाही, मी लाजेनं हो म्हणालो होतो, आणि आता नाही म्हणायची हिंमत होत नाही.

काकू ट्रंकेत कपडे ठेवत होत्या. "मले बी एकटीनं राहनं नाही जमनार," त्या म्हणाल्या. "तू बी सांग, मी बी सांगते. दोघायनं सांगितलं का राहतील ते. लगेच राहतील. बहाना पायजेच त्यायले." त्यांनी एक धोतर उलगडलं, पुन्हा घडी केली. "मंग मरेपर्यंत त्या झुल्यावर बसतील अना आपन दोघं पाहत राहू. जा, सांग. मी नाही अडवत."

मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर सुया उकळत होते. त्यांनी विचारलं, काय रे. मी म्हणालो, काही नाही.

समितीचं पत्र आलं, डॉक्टरांनी नाही म्हटलं नाही, आणि निघायचा दिवस ठरला तो उन्हाळ्यातला. कलकत्त्याची मेल आली तीच गच्च भरलेली. लढाईवरून सुटलेले शिपाई, ब्रह्मदेशात परत निघालेले निर्वासित, व्यापारी, दारांतून लोंबकळणारी माणसं. काकू स्टेशनवर आल्या नाहीत. उंबऱ्यावर कोणी आडवं पडत नाही ना, हे बघायला त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या होत्या. ट्रंक आणि लाडवांचे डबे मी खिडकीतून आत ढकलले. डॉक्टर कसेबसे पायरीवर चढले आणि दारात उभे राहिले. खाली मी.

तेवढ्यात फाटकाबाहेर आरडाओरडा झाला. एक बैलगाडी थेट मालधक्क्याच्या बाजूनं आत आली होती. गाडीत गवतावर एक तरुण बाई, तिचा नवरा बैलांपुढं, आणि सासू गाडीच्या मागून धावत येत होती. पहाटे बाळंत झाली होती, मूल चांगलं होतं, पण वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं. दवाखान्याला कुलूप बघून कोणीतरी त्यांना स्टेशनकडं पाठवलं होतं. गाडीखाली थेंब पडत होते.

"मोठे डागदर कुठी आहेत जी?" सासू मला विचारत होती, आणि तिचं उत्तर तिला मिळालं, कारण मी वर बघितलं.

डॉक्टरांनी सगळं पाहिलं होतं. माझ्याआधी पाहिलं होतं. त्यांचा एक पाय पायरीवर खाली आला. गार्डची शिट्टी झाली. माझा चेहरा बोलत असणार, कारण ते माझ्यावर ओरडले. त्या गर्दीत, त्या आवाजात, माझ्यावर आजवर कोणी ओरडलं नव्हतं असे.

"माझ्याकडं काऊन पाहून राहिला? बाई तिकडं आहे!"

त्या बाईचं काय झालं ते सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला हुरहूर राहायची नाही. तिला आम्ही बायकांच्या वेटिंग रूममध्ये नेलं. माझी बोटं थांबली. कोणी आलं नाही. मग बोटं हलली. बाई वाचली. डॉक्टरही साल उलटल्यावर परत आले, काळे पडलेले, अर्धे उरलेले. कलकत्ता सोडल्यापासून पेनांग येईपर्यंत बोटीत आडवे होते आणि सारखं ओकत होते, एवढं सांगून हसले. तिकडं काय पाहिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. एकदा तरी विचारायला हवं होतं, असं आता त्यांच्या वयाच्या जवळ येताना वाटतं.

पण मला त्यांच्या परतण्यापेक्षा ते जाणंच जास्त आठवतं. मी बैलगाडीकडं धावलो आणि धावताना एकदाच मागे वळून पाहिलं. मेल हलली होती. डॉक्टरांनी निरोपाचा हात केला नाही. करता आलाच नसता. दाराच्या दोन्ही बाजूंचे लोखंडी दांडे त्यांनी दोन्ही हातांनी धरले होते, कोपरं ताठ, मान खाली, जणू खालून कोणी त्यांचे पाय धरून ओढत होतं आणि ते सगळ्या ताकदीनं स्वतःला वर धरून होते. फलाट संपेपर्यंत ते तसेच दिसत होते.

"पाहून काय राहिले जी?" बाईच्या सासूनं माझी बाही ओढली. "इकडं पाहा ना."